क्रिएटिनिन नॉर्मल आहे, म्हणजे काय?

चार दिवस ताप आणि जुलाबांनी बेजार झालेल्या ६२ वर्षांच्या एका बाईंचं रक्त आमच्या लॅबमध्ये आलं आणि किडनीचं काम कसं चाललं आहे ते सांगणारं क्रिएटिनिन ३.१ निघालं. असा आकडा दिसला की आम्ही रिपोर्ट छापून होण्याची वाट बघत नाही, थेट वॉर्डात फोन करतो. पलीकडच्या डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “हे नवीन आहे की जुनं?”

माझ्यापाशी उत्तर नव्हतं. ३.१ हा आकडा दोन दिवसांत चढलेला असू शकतो आणि दहा वर्षांतही. दोन दिवसांत चढला असेल तर सलाईन देऊन, घातक औषधं थांबवून आणि कारण वेळेत शोधून तो बऱ्याचदा खाली आणता येतो. दहा वर्षांत चढला असेल तर तो खाली येणार नाही, फार तर तिथेच थोपवून धरता येतो. रक्ताची नळी हातात घेऊन यातलं काहीच सांगता येत नाही.

उत्तर संध्याकाळी आलं. बाईंचा मुलगा घरातली प्लास्टिकची फाइल घेऊन आला आणि आम्ही त्यातले कागद टेबलावर तारखेप्रमाणे मांडले. तीन वेगवेगळ्या लॅबचे, साधारण नऊ वर्षांचे रिपोर्ट होते. काहींची शाई इतकी उडाली होती की कागद उजेडासमोर धरावा लागला. क्रिएटिनिन ०.७, मग ०.८, पुन्हा ०.८, मग १.०, आणि चार महिन्यांपूर्वीचं १.२. प्रत्येक आकड्यासमोर छापलेलं होतं, सामान्य मर्यादा ०.६ ते १.२. कुठे ठळक अक्षर नाही, कुठे बाण नाही. चार वर्षांपूर्वीच्या एका कागदावर लघवीची साधी तपासणी होती आणि त्यात प्रोटीनच्या पुढे ‘++’ असं लिहिलेलं होतं. त्यापुढे कोणी काही केल्याची खूण फाइलभर नव्हती.

“मॅडम, सगळे नॉर्मलच होते ना?” मुलाने विचारलं.

क्रिएटिनिनसोबत वय आणि लिंग धरून हिशेब केला तर पहिल्या रिपोर्टच्या वेळी त्यांच्या किडन्यांचा रक्त गाळण्याचा वेग मिनिटाला शंभर मिलिलिटरच्या आसपास होता. चार महिन्यांपूर्वीच्या ‘नॉर्मल’ रिपोर्टच्या वेळी तो ५१ होता. म्हणजे हा ताप, हे जुलाब येण्याआधीच निम्मी ताकद गेलेली होती. त्या कागदांपैकी दोन आमच्याच लॅबचे होते आणि खालची सही माझी होती.

किडनीचा आजार शेवटपर्यंत कळतच नाही, असं सर्रास म्हटलं जातं. ते अर्धंच खरं आहे. माणसाला तो कळत नाही, कारण दुखत नाही. कागदावर मात्र तो कित्येक वर्षं आधी उमटू लागलेला असतो. तो वाचता येईल असा कागद आम्ही लॅबवाले देत नाही. रक्ताच्या प्रत्येक किडनी-रिपोर्टवर गाळण्याच्या वेगाचा अंदाज आणि आधीचे आकडे छापणं, आणि ज्यांना धोका आहे अशा प्रत्येकाची लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाची तपासणी वर्षातून एकदा होणं, या दोन गोष्टी आता डॉक्टरच्या किंवा लॅबच्या मर्जीवर सोडू नयेत, बंधनकारक कराव्यात, असं माझं मत आहे.

क्रिएटिनिन हा स्नायूंमध्ये रोज तयार होणारा आणि किडनीवाटे बाहेर टाकला जाणारा टाकाऊ पदार्थ. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला दीड-दोन लिटर लघवी म्हणून बाहेर जातो आणि बाकीचा परत रक्तात घेतला जातो. हे काम करणाऱ्या सूक्ष्म गाळण्या एकेका किडनीत सुमारे दहा लाख असतात. एकदा गेलेली गाळणी पुन्हा उगवत नाही. उरलेल्या तिचा भार उचलतात, आणि म्हणूनच माणूस बराच काळ धडधाकट दिसतो.

गाळण्याचा वेग निम्म्यावर आला की रक्तातलं क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. आता ज्याचं मुळात ०.६ होतं त्याचा विचार करा. निम्मी ताकद गेल्यावर ते १.२ होईल, म्हणजे अजून मर्यादेच्या आतच. उरलेल्यातली निम्मी गेली की २.४, आणि त्यातलीही निम्मी गेली की ४.८. पहिली निम्मी ताकद जाताना आकडा जेमतेम ०.६ ने सरकला. चौथा हिस्सा उरल्यानंतर तो आठव्यावर येईपर्यंत मात्र २.४ ने उडी मारली. वाचवण्यासारखं सगळ्यात जास्त असतं त्या काळातच हा आकडा सगळ्यात कमी हलतो. म्हणून एका मर्यादेच्या आत-बाहेर बघून किडनी ठीक की बिघडलेली हे ठरवण्याची पद्धतच चुकीची आहे.

शिवाय ती मर्यादा कोणाची? क्रिएटिनिन १.२ असलेल्या २५ वर्षांच्या तरुणाचा गाळण्याचा वेग सध्याच्या सूत्राने ८६ येतो. तोच आकडा आमच्या त्या बाईंच्या बाबतीत ५१ देतो. अंथरुणाला खिळून वाळलेल्या माणसाच्या अंगावर स्नायूच उरलेले नसतात, त्याचं क्रिएटिनिन किडनी निकामी होत आली तरी देखणं दिसू शकतं. अशा वेळी सिस्टॅटिन सी नावाचा दुसरा घटक मोजावा लागतो, कारण तो स्नायूंवर फारसा अवलंबून नसतो. सूत्रांनाही इतिहास आहे. अमेरिकेत बरीच वर्षं कृष्णवर्णीय रुग्णांसाठी वेगळा गुणक लावला जात होता. त्यामुळे त्यांची किडनी कागदावर प्रत्यक्षापेक्षा चांगली दिसायची आणि प्रत्यारोपणाच्या यादीत नाव लागायला उशीर व्हायचा. २०२१ मध्ये तो गुणक काढलेलं सूत्र आलं. सूत्राने येणारा आकडा हा अंदाज आहे, हे मला मान्य आहे. पण नुसतं क्रिएटिनिन छापून अंदाज बांधायचं काम घाईत असलेल्या डॉक्टरवर आणि काहीच माहीत नसलेल्या रुग्णावर टाकणं त्याहून वाईट आहे.

आता त्या ‘++’ कडे येते, कारण मला सर्वांत जास्त लागलेली गोष्ट ती आहे.

लंडनच्या गायज हॉस्पिटलमध्ये रिचर्ड ब्राइट नावाचे डॉक्टर होते. अंगावर सूज आलेल्या रुग्णांची लघवी ते चमच्यात घेऊन मेणबत्तीच्या ज्योतीवर तापवत. काहींची लघवी अंड्याच्या पांढऱ्या भागासारखी गोठायची, आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनात त्याच रुग्णांच्या किडन्या बिघडलेल्या सापडायच्या. १८२७ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. लघवीत प्रथिनं जाणं ही किडनीच्या आजाराची खूण आहे, हे आपल्याला दोनशे वर्षांपासून ठाऊक आहे, आणि ते एका चमच्यावर आणि मेणबत्तीवर कळलं होतं.

आज त्याच तपासणीचं अचूक रूप आपल्याकडे आहे. एकदाच घेतलेल्या थोड्याशा लघवीत अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिन यांचं प्रमाण काढतात. एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा कमी अल्ब्युमिन असेल तर ठीक. ३० ते ३०० म्हणजे गाळणी गळू लागली आहे. ३०० च्या पुढे म्हणजे मोठा धोका, किडनीलाही आणि हृदयालाही. ताप, जोरदार व्यायाम, लघवीचा संसर्ग किंवा मासिक पाळी यांमुळे आकडा तात्पुरता वाढतो, म्हणून तपासणी पुन्हा करून खात्री करायची असते. लघवीत बुडवायची साधी पट्टी थोडं प्रमाण पकडत नाही, पण पट्टीवर ‘++’ आलं असेल तर ते थोडं नक्कीच नव्हे. गाळण्याचा वेग ९० च्या वर असूनही अल्ब्युमिन जात असेल आणि तीन महिन्यांनंतरही जात राहिलं, तर तो किडनीचा दीर्घकालीन आजारच आहे. रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्याचा मागमूसही नसतो.

तरीही मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे असंख्य रुग्ण वर्षानुवर्षं शुगर आणि क्रिएटिनिन तपासून घेतात आणि लघवीची ही तपासणी त्यांना कोणी सांगतच नाही. जगभरात दीर्घकालीन किडनीविकाराची सर्वांत मोठी दोन कारणं हीच आहेत, मधुमेह आणि रक्तदाब. दरवर्षी कोणाची तपासणी करायची याची यादी दवाखान्याच्या वहीत आधीपासून लिहिलेली असताना ती शोधायला वेगळी मोहीम कशाला लागते?

आजार अचानक आलेला असो की जुना, आधीचा आकडा हातात नसेल तर डॉक्टर अंधारात असतात. तातडीच्या किडनी-इजेची आज जगभर मानली जाणारी व्याख्याच पाहा. ४८ तासांत क्रिएटिनिन ०.३ ने वाढणं, किंवा सात दिवसांत आधीच्या दीडपट होणं, किंवा लघवीचं प्रमाण सहा तास वजनाच्या दर किलोमागे ताशी अर्ध्या मिलिलिटरपेक्षा कमी राहणं. पहिल्या दोन्ही अटी बदलाच्या आहेत. सोमवारी ०.७ असलेलं क्रिएटिनिन बुधवारी १.० झालं तर ती इजा आहे, आणि आमचा छापील रिपोर्ट मात्र दोन्ही दिवशी ‘नॉर्मल’ म्हणेल. त्यात आणखी एक अडचण अशी की किडनीने काम थांबवलं तरी क्रिएटिनिन साचून वर यायला एक-दोन दिवस लागतात. पहिल्या दिवशीचा चांगला आकडा धीर देणारा नसतो, लघवी किती होते आहे ते मोजणं त्या दिवशी जास्त मोलाचं असतं. आणि आकडा रोज बदलत असताना गाळण्याच्या वेगाचं सूत्र लागूच पडत नाही, कारण ते स्थिर अवस्थेसाठी बनवलेलं आहे. रिपोर्टवर हा अंदाज छापायचाच असेल तर ही सूचनाही सोबत हवी.

त्या बाईंना झालं होतं ते असं. जुलाबांनी शरीरातलं पाणी कमी झालं. पाणी कमी झालं की किडनी आत येणारी रक्तवाहिनी रुंद ठेवून आणि बाहेर जाणारी आवळून गाळण्याचा दाब कसाबसा राखते. अंगदुखीसाठी त्या दिवसातून तीनदा डायक्लोफेनॅक घेत होत्या, त्या गोळीने आतली वाहिनी रुंद ठेवणारी यंत्रणा बंद पाडली. रक्तदाबाची त्यांची रोजची गोळी बाहेरची वाहिनी सैल करणारी होती. तिच्यासोबत लघवी वाढवणारं औषधही होतं. वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हेतूने दिलेली तीन औषधं कोरड्या पडलेल्या शरीरात एकत्र आली. रक्तदाबाची तीच गोळी एरवी किडनीचं रक्षण करणारी आहे, हे इथे मुद्दाम सांगते. ती कायमची सोडून देणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचं नुकसान झालेलंही पाहिलं आहे. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्या माणसाला उलट्या-जुलाबांच्या दिवसांत कोणती औषधं थांबवायची ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवायला हवं, आणि वेदनाशामक गोळी तर विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही, एवढं त्या बाईंना नऊ वर्षांत कोणीही सांगितलं नव्हतं. सांगणार तरी कोण आणि का? त्यांची किडनी ‘नॉर्मल’ होती.

अचानक किडनी बंद पडण्याची बाकीची कारणंही पुष्कळ आहेत. रक्तात पसरलेला जंतुसंसर्ग, मोठा रक्तस्राव, हृदयाची पंपाची ताकद कमी होणं, साप चावणं, लेप्टोस्पायरोसिस, मलेरिया, काही अँटिबायोटिक, ढिगाऱ्याखाली चेंगरलेल्या स्नायूंतून सुटणारं विष. आणि वाट तुंबणं, म्हणजे वाढलेली प्रोस्टेट ग्रंथी किंवा खडे. सोनोग्राफी लवकर करायची ती मुख्यतः यासाठी, कारण तुंबलेली वाट मोकळी केली की किडनी झपाट्याने सावरू शकते. सोनोग्राफीत किडन्या लहान आणि आकसलेल्या दिसल्या तर आजार जुना. मात्र मधुमेहात जुना आजार असूनही आकार चांगला राहू शकतो, तेव्हा तिथेही शेवटी जुना कागदच कामाला येतो.

‘किडनी फेल’ हे दोन शब्द लिहून मोकळं होण्याची सवय मला म्हणूनच घातक वाटते. ते निदान नव्हे, कारण त्यात कारण नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात २०२२ मध्ये लहान मुलांची लघवी अचानक बंद होऊ लागली. कारण शोधलं गेलं म्हणूनच खोकल्याच्या औषधातलं डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडलं, तोवर साठहून अधिक मुलं दगावली होती. हेच रसायन १९३७ मध्ये अमेरिकेत एका औषधातून शंभराहून अधिक लोकांचा जीव घेऊन गेलं होतं आणि पुढच्याच वर्षी तिथे नवा औषध कायदा करावा लागला. मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर आणि निकाराग्वाच्या उसाच्या मळ्यांत ना मधुमेह ना रक्तदाब असलेले तरुण मजूर किडनी गमावत होते. त्यांच्या डॉक्टरांनी ‘कारण अज्ञात’ म्हणून स्वस्थ बसण्याऐवजी ते नोंदवलं, आणि कडक उन्हातलं अंगमेहनतीचं काम हे त्यामागचं एक प्रमुख कारण असावं, हा विचार पुढे आला. तिथे औषधाइतकीच पाणी, सावली आणि विश्रांतीची गरज होती. कारण लिहिलं नाही तर असे प्रश्न कोणाच्या नजरेलाच पडत नाहीत.

माझ्या सूचनेवर एक आक्षेप मी गंभीरपणे घेते. गाळण्याचा वेग वयानुसार थोडा कमी होतच जातो. प्रत्येक रिपोर्टवर तो छापला तर ७५ वर्षांच्या, ठणठणीत, लघवीत अल्ब्युमिन नसलेल्या माणसाला ५५ हा आकडा दिसेल, तो किडनीचा रुग्ण म्हणून घाबरेल, नको त्या तपासण्या आणि नको ते पथ्य मागे लागेल. हे घडतं, मी पाहिलं आहे. पण यावरचा उपाय आकडा लपवणं हा नाही. त्याच्यासमोर तीन वर्षांपूर्वीचा ५६ आणि लघवीचा स्वच्छ रिपोर्ट ठेवला तर त्याला घरी पाठवताना डॉक्टरचा आवाज डळमळणार नाही. ‘दीर्घकालीन’ म्हणायला तीन महिने थांबण्याची अट आहे तीही याचसाठी. एकट्या आकड्याची भीती वाटते, ओळीने मांडलेले आकडे दिसले की ती पुष्कळ ओसरते.

दुसरा आक्षेप खर्चाचा. अंदाज काढायला नवं रसायन लागत नाही, यंत्रातल्या संगणकाला वय आणि लिंग द्यावं लागतं, जे आमच्या नोंदीत असतंच. जुने आकडे शोधून तुलना करणं अशक्य नाही हे इंग्लंडने दाखवलं आहे. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने २०१४ मध्ये सगळ्या लॅबना आदेश दिला की क्रिएटिनिन आधीच्या आकड्यांशी आपोआप ताडून बघायचं आणि वाढ धोक्याची असेल तर रिपोर्टसोबत इशारा द्यायचा. ज्या देशांत रुग्ण तीन लॅब बदलतो आणि नोंदी जोडलेल्या नाहीत तिथे निदान त्याच लॅबचे मागचे आकडे तरी छापता येतील. दुसऱ्या पारड्यात काय आहे तेही बघावं: आठवड्यातून तीनदा, दर वेळी चार तास, जन्मभर डायलिसिस.

लवकर कळून उपयोग काय, हा प्रश्न पूर्वी रास्त होता. आता नाही. रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्या मधुमेहातली किडनी वाचवतात हे १९९३ पासून सिद्ध आहे. एसजीएलटी-२ गटातल्या मधुमेहाच्या गोळ्या मधुमेह नसलेल्यांच्याही किडनीची घसरण मंदावतात, हे २०२० च्या आसपासच्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं. ही औषधं गेलेल्या गाळण्या परत आणत नाहीत, उरलेल्या टिकवतात. म्हणजे किती उरलेल्या असताना ती सुरू झाली यावरच सगळं ठरतं. मे २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या वार्षिक सभेने किडनीच्या आरोग्यावर पहिल्यांदाच स्वतंत्र ठराव केला. त्यातलं काही प्रत्यक्षात यायचं असेल तर सुरुवात आमच्या छपाईयंत्रापासून होऊ शकते.

त्या बाईंचं क्रिएटिनिन आठवड्याभरात १.४ वर उतरलं आणि त्या घरी गेल्या. घरी जातानाच्या कार्डावर ‘किडनी पूर्ववत’ असं लिहिलं होतं. तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला या, हे त्यावर नव्हतं. ते मी मुलाला तोंडी सांगितलं. अशा झटक्यानंतर तीन महिन्यांनी किडनी कुठे स्थिरावली ते बघायचंच असतं, कारण एक झटका पुढच्या दीर्घकालीन आजाराची पायरी ठरू शकतो. तो आईला घेऊन बरोबर तारखेला आला. क्रिएटिनिन १.३, वेग ४६, लघवीतलं अल्ब्युमिन ३८०.

जुनी फाइल त्याच्या हातात होती. चार वर्षांपूर्वीच्या त्या कागदावर ‘++’ भोवती त्याने पेनाने गोल केला होता.

“त्या वर्षी क्रिएटिनिन किती होतं, मॅडम?”

मी त्याच तारखेचा दुसरा कागद काढून दाखवला. ०.८ होतं. वेग किती असेल ते त्याने विचारलं, म्हणून त्याच्यासमोरच हिशेब केला. ८५.